अणुभट्टीची वीज आणि यशोदामावशींची बारी

समुद्रकाठच्या एका अणुवीज केंद्रात, नियंत्रण कक्षात मी काम करते. तिथून वीज कशी बाहेर पडते ते मला ठाऊक आहे. तारेच्या दुसऱ्या टोकाला तिचं काय होतं, ते पाहिलं नव्हतं. म्हणून केंद्राच्या प्रयोगशाळेतली सुमन डिसेंबरात गावी निघाली, तेव्हा मीही रजा टाकली. तिचं गाव उस्मानाबाद जिल्ह्यात, कळंबच्या पुढं.

मुंबईहून कुर्डुवाडी, तिथून छोट्या रुळांच्या गाडीनं बार्शी, पुढं एसटी. छोट्या गाडीत घाई असणाऱ्यानं बसूच नये. सकाळच्या एसटीत उजवीकडची खिडकी टाळा, ऊन तिकडूनच येतं. पाणी सोबत ठेवा. येरमाळ्याला चहा मिळाला, पण स्टँडवरचा रांजण कोरडा होता.

सुमनची आई, यशोदामावशी, यांनी हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं आणि भाकरी वाढली. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. जेवताना कळलं ते असं: गावातल्या पाणी सोसायटीची एक सामाईक विहीर आणि एक मोटर. दुष्काळामुळं प्रत्येकाला ठरलेले तास. त्या पाळीला इथं बारी म्हणतात. बारी घड्याळावर चालते. लाईट गेली तरी तास संपला की बारी संपली, हा भांडणं टाळायला सगळ्यांनी मिळून केलेला नियम. मावशींच्या दोन बाऱ्या अशाच कोरड्या गेल्या होत्या. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पोटरीत होता, कणीस बाहेर पडायच्या बेतात. हे पाणी हुकलं, तर कणसात दाणा भरणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विहिरीवर गेलो. मावशींची बारी सुरू झाली होती आणि लाईट नव्हती. पुढच्या बारीचे विठ्ठलराव खांद्यावर खोरं घेऊन आधीच येऊन बसले होते. मी कुठं काम करते ते सुमननं सांगून टाकलं. मी सांगितलं नसतं.

सोसायटीचे चेअरमन, नाना, हसले. "म्हंजे बटण तुमच्या हातात, बाई. मग आमच्याच बारीला का दाबत न्हाय?"

इथं पोचणारी वीज आमचीच असं म्हणता येत नाही, तारांच्या जाळ्यात सगळी मिसळते, असं मी सुरुवातीलाच स्पष्ट केलं. मग सांगितलं, की अणुभट्टीची वीज कमी-जास्त करता येते. कमी करणं सोपं. वाढवताना दमानं घ्यावं लागतं. इंधनाभोवती धातूचं पातळ आवरण असतं. आतलं इंधन झटकन तापून फुगलं तर आवरण चिरतं.

"कोरं मडकं एकदम जाळावर ठिवल्यावानी," मावशी म्हणाल्या.

मी मान डोलावली. म्हणून आम्ही शक्यतो एका पातळीवर चालतो आणि मागणीचे चढउतार धरणावरची वीज सांभाळते. झडप उघडली की ती मिनिटांत वाढते. यंदा धरणंच खाली गेली आहेत, म्हणून ही वीजकपात. थोडक्यात, एकाला पटकन वाकता येत नाही, तेव्हा दुसऱ्यानं वाकायचं.

मावशींनी नानांकडं पाहिलं. "लाईट वाकत न्हाय म्हणती ही. मग बारी वाकवा की. मोटर फिरंल तेवढाच तास धरा."

नाना म्हणाले, नियम मीटिंगमध्ये बदलतो, विहिरीवर नाही. मावशींचा तास संपला. विठ्ठलराव उठले, पाटाशी गेले, आणि तेवढ्यात लाईट येऊन मोटर घरघरली. विठ्ठलरावांनी खांद्यावरचं खोरं खाली टेकवलं.

"वैनी, आज घ्या तुमी," ते म्हणाले. "पर माझी हुकली तर मलाबी ह्योच कायदा. नाना, ऐकलं न्हवं?"

नानांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. मावशींनी तोवर पाट फोडला होता. कोरड्या सरीत पाणी आधी मुरत राहिलं, मग पुढं सरकलं.

परतल्यावर कामात फरक पडला नाही. पहाटे मागणी घटते, भारनियंत्रण केंद्राचा फोन येतो, आम्ही थोडं उतरतो आणि सकाळी सावकाश चढतो. आता ती चढण चालू असताना, कळंबकडं आत्ता कुणाची बारी असेल, असा प्रश्न मनात येतो. त्याचं उत्तर माझ्या तबकड्यांवर नसतं.

संक्रांतीनंतर सुमन हुरडा घेऊन आली. दाणे टपोरे होते. सोसायटीनं नियम बदलला, म्हणाली. मोटर फिरेल तेवढाच तास. त्यानंतरच्या खेपेला विठ्ठलरावांची बारी आईच्या आधी होती; तिच्यात लाईट गेली आणि आईवर आपली बारी मागं ढकलायची वेळ आली.

"ढकलली?" मी विचारलं.

"दिवसभर भांडली," सुमन म्हणाली. "मग ढकलली."