वेगळी मांडलेली कानबाई

योगेंद्र सुरतेच्या पर्वत पाटिया भागातल्या एका छपाई कारखान्यात साड्यांची डिझाइनं काढत असे. पानं, वेली, कोयऱ्या. मालकाला हवं तसं. रविवारी मात्र तो स्वतःसाठी काम करी. १९९६च्या श्रावणात शहरातल्या एका प्रदर्शनात त्याचं पहिलं काम लागलं. प्लायवूडचा उभा फळा, त्यावर रद्द झालेल्या साड्यांचे तुकडे, मागाच्या रिकाम्या बॉबिनी, बाजारभावाची गुजराती कात्रणं आणि मधोमध तारेने बांधलेला, नथ घातलेला नारळ. खाली चार ओळींचं निवेदन होतं: देवी, यंत्र आणि बाजार यांची ही उत्तराधुनिक सरमिसळ, वगैरे. लोक ते वाचून माना डोलवत.

घरी ही बातमी वेगळ्याच रूपात पोचली. शेजारच्या चंचलने त्याच्या आईला, सरलाबाईंना, दारातच गाठलं. "काय मावशी, पोराने हॉलमध्ये कानबाई बसवली म्हणे! रोट खायला आम्हाला बोलवाल, की भाऊबंदच लागतील?"

चंचल हसत निघून गेली. सरलाबाईंना ते हसण्यावारी नेता येईना. कानबाई ही श्रावणात नारळाला नथ घालून मांडायची देवी, खानदेशात साऱ्या भाऊकीची एक. ती थोरल्या घरी मांडतात, तिच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदांनीच मिळून खायचे. कुणी वेगळी मांडली, म्हणजे त्याने भाऊकी तोडली. सरलाबाईंचे यजमान वारल्यापासून खानदेशातल्या गावाहून थोरल्या दिरांचं कानबाईचं बोलावणं आलं नव्हतं. तरी नातं तुटलं असं त्या कुणाला म्हणू देत नसत.

दुसऱ्या दिवशी त्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये आल्या. फळ्यापुढे येताच त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

"येगळी मांडी का रे तू?"

"माय, चित्र से ते."

"चित्र से, मंग खरं नारय कसाले लावं?"

निवेदनातली एकही ओळ योगेंद्रला आईपुढे म्हणता येईना. त्याने फळ्याकडे पाहिलं. तुकडे, बॉबिनी, कात्रणं त्याने महिनाभर इकडची तिकडे केली होती. नारळ मात्र पहिल्याच दिवशी बांधला होता आणि त्याची जागा कधी बदलली नव्हती. काकांच्या बोलावण्याची वाट बघून तो थकला होता. नाही बोलावत तर नका बोलावू, माझी मी मांडतो, हेच त्याला म्हणायचं होतं. बाकीचं सगळं त्याने त्यावर पांघरलं होतं.

"हां माय," तो हळूच म्हणाला. "मांडी मी."

सरलाबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मंग आते बोयवनी पडी."

मांडलेल्या कानबाईला नदीवर नेऊन निरोप द्यावाच लागतो. योगेंद्र पक्कड घेऊन तार कापू लागला, तसे आयोजक धावत आले.

"अरे योगेंद्रभाई, आ शुं करो छो? काले तो इनाम नक्की थवानुं छे!"

"खबर छे," योगेंद्र म्हणाला. उद्या बक्षीस ठरणार हे त्याला ठाऊक होतं. नारळ त्याने आईच्या हातात दिला आणि निवेदनाचा कागदही काढून घेतला.

तापीच्या काठापर्यंत सरलाबाईंनी नारळ डोक्यावरून नेला. वाजंत्री नव्हती, गाणाऱ्या बायका नव्हत्या. मागून योगेंद्र एकटा चालत होता. नारळ पाण्यात सोडून त्यांनी हात जोडले.

"पुढला सावनमा गावले जाऊत," त्या म्हणाल्या.

"काका बलावतीन का?"

"नही बलावं तरी जाऊत. दारमा उभं राहीसन सांगसूत, रोट खावाले उनूत."