गिरणीतला सीन

माझ्या बायकोला माझं जवळजवळ सगळं माहीत आहे. पडलेले सिनेमे, मारलेल्या थापा, कुणाशी का बिनसलं ते. एवढं एक सोडून. हे तिला नाही, कुणालाच नाही. तुम्हाला का सांगतोय? — ठाऊक नाही. लिहायला बसतो, उठतो, अंगणात फेऱ्या मारतो, पुन्हा बसतो.

लोक मला विनोदी सिनेमांचा दिग्दर्शक म्हणून ओळखतात. शिरूरच्या एसटी स्टँडवर आजही कुणीतरी अडवतं आणि माझाच संवाद मला म्हणून दाखवतं. मुलाखतीत विचारतात, विनोद कुठं शिकलात? मी सांगतो, आमच्या भागातल्या माणसांकडून. खोटं नाही ते. पण त्यातल्या एका माणसाचं नाव मी कधी घेत नाही.

मंदा. खुटबावची.

पहिला सिनेमा करत होतो तेव्हाची गोष्ट. छोट्या कामांसाठी आपल्याकडचीच माणसं घ्यायची, असं ठरवलं होतं. दौंडचा एक मित्र म्हणाला, खुटबावला एक बाई आहे, वस्तीत जयंतीच्या कार्यक्रमाला नाटुकली बसवते, लोक पोट धरधरून हसतात. गेलो. ती नुकतीच शेतातून आली होती. नवरा कंपनीत कामाला, घरात सासू. सासूला हे अजिबात पसंत नव्हतं. मंदानं तिला कसं वळवलं कोण जाणे. पण निघताना शब्द मीही दिला होता — सुनेला पडद्यावर बघाल तेव्हा अभिमान वाटेल तुम्हाला, असं सासूला मीच म्हणालो होतो.

सीन गिरणीतला होता. भांडगावात एक बंद गिरणी मिळाली. गिरणीवाल्याचं काम मी स्वतःकडे ठेवलं. का? — कारण मला दिग्दर्शक व्हायचंच नव्हतं. मला नट व्हायचं होतं. लोकांनी मला बघून हसावं, एवढीच लहानपणापासूनची हौस. सीन असा, की बाई दळण न्यायला येते, पीठ कमी भरलं म्हणून भांडते आणि गिरणीवाला तिला बोलून बोलून गुंडाळतो. चांगली वाक्यं सगळी माझी. मीच लिहिली होती ना.

मंदा भांडलीच नाही. तिनं डब्यात बघितलं. मग माझ्याकडं बघितलं — मी डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरा. बघतच राहिली. मग शांतपणे पुढं आली, डबा माझ्या हनुवटीखाली धरला आणि पदरानं माझ्या भुवया झटकल्या, मिशा झटकल्या, कान झटकले.

"हे आमचं हाय," म्हणाली. डब्याला झाकण लावलं आणि गेली.

यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. कॅमेरामनला हसू आवरेना. सगळं युनिट हसत होतं आणि मी तिथं खांबासारखा उभा. माझी वाक्यं घशातच राहिली होती.

पुण्यात मोजक्या लोकांना सिनेमा दाखवला तेव्हाही तेच. बाकी वेळ बरे हसले, गिरणीत मात्र लोक खुर्चीतून घसरले. बाहेर आल्यावर जो तो विचारत होता, ती बाई कोण हो? निर्माता म्हणाला, पुढच्या सिनेमात हिला मोठं काम द्या. माझ्याबद्दल एक शब्द कुणी बोललं नाही. एक.

मी तो सीन काढून टाकला. एडिटर वाद घालत होता, निर्माता कुरकुरला. मी म्हणालो, लांबी वाढते. पहिलाच सिनेमा, माझा हट्ट चालला. हे आधी सांगितलं, कारण हे त्यातल्या त्यात सांगण्यासारखं आहे. सीन कापले जातात, सगळ्यांचेच. खरं पुढं आहे.

मी तिला कळवलं नाही. फोन हातात घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. शिरूरला सिनेमा लागला तेव्हा ती जीप करून आली — नवरा रजा टाकून, सासू नवं लुगडं नेसून, शेजारपाजारचे चारदोन. मी मागच्या रांगेत बसलो होतो. ते पुढं. प्रत्येक बाई पडद्यावर आली की सासू मंदाकडं वळून बघायची. शेवटी नावं वर सरकायला लागली, दिवे लागले, लोक उठले. ती माणसं बसूनच होती.

बाहेर तिनं मला गाठलं. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं.

"दादा, माझं वाईट झालं व्हतं का? खरं सांगा."

किती काही बोलता आलं असतं. लांबी वाढली, निर्मात्यानं ऐकलं नाही — खोटं सांगायचंच होतं, तर त्यातलं एखादं सांगायचं होतं. मी काय म्हणालो?

"ताई, नाही जमलं तुम्हाला. हसूच येत नव्हतं."

तिनं पदर खांद्यावर नीट घेतला. मग म्हणाली, "तोंडावर सांगितलं, बरं केलं." सासू केव्हाच जीपमध्ये जाऊन बसली होती.

त्यानंतर तिनं वस्तीतली नाटुकलीही सोडली. दौंडच्या मित्राकडून कळलं. मी त्याला म्हणालो, असेल काही घरचं.

आणि तिसऱ्या सिनेमात मी तोच सीन हिरोला दिला. डबा, भुवया, मिशा, सगळं. तुम्ही बघितला असेल. तोच तर माझा सगळ्यात गाजलेला सीन. कसं सुचलं, विचारतात. सुचलं असंच, म्हणतो.

गेल्या उन्हाळ्यात शूटिंगसाठी जागा बघायला भांडगावला गेलो होतो. परतताना गाडी खुटबावकडं वळवली. सांगून टाकायला गेलो होतो का? हो म्हणावंसं वाटतं. खात्री नाही.

मंदानं चहा केला. सासू गेली, म्हणाली. मग स्वतःच विषय काढला. "तुमचा त्यो सीन टीव्हीवर सारखा लागतोय. हिरोनं काय काम केलंय वो. तवा कळलं, माझं कुठं चुकलं व्हतं."

मी कपात बघत होतो. आता बोल, आता बोल — आतून कुणीतरी ढकलत होतं.

तेवढ्यात तिची मुलगी बाहेर आली. दौंडच्या कॉलेजात शिकते. कॉलेजच्या विनोदी नाटकात तिला मोठं काम मिळालंय आणि आई नको म्हणते, असा वाद चालला होता. मंदा म्हणाली, "दादा, तुमीच सांगा हिला. आमच्या अंगात न्हाई ते. चार लोकांत हसं व्हण्यापरीस आधीच कळल्यालं बरं."

मुलीनं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. एक भुवई तेवढी जराशी वर उचलली आणि मला एकदम हसू फुटलं. दिवसभर माणसांना हसवायचा धंदा माझा — असा मी कित्येक वर्षांत हसलो नव्हतो.

तिलाही ते कळलं. तिचा चेहरा उजळला. मी काय बोलतो, याची वाट बघत ती उभी राहिली.

"आई म्हणते ते ऐक," मी म्हणालो.

मुलगी आत गेली. मंदानं विचारलं, अजून थोडा चहा घेता का.

मी कप पुढं केला.