काशीबाईच्या मुलाचं नाक

वरळी कोळीवाड्यातल्या काशीबाई तांडेलने आपल्या एकुलत्या एका मुलाला मासळीचा वास लागू नये म्हणून जे जे केलं, ते कडक सोवळ्यातल्या एखाद्या आजीबाईंनाही जमलं नसतं. उत्तम चौथी पास झाला तसा तिने त्याला उचलला आणि गिरगावात धाकट्या बहिणीकडे, राधामावशीकडे, नेऊन ठेवला. मावशीचा नवरा छापखान्यात होता. त्या घरात मासळी यायची ती चार घरांत येते तेवढीच. रविवारी मुलाला भेटायला जाताना काशीबाई आधी लिंबाच्या फोडींनी हात घासायची, ठेवणीतलं लुगडं नेसायची आणि एवढं करून दारातच बसायची. उत्तम कधी दादरच्या बाजारात तिला भेटायला आलाच, तर ती लांबूनच हाताने 'थांब' म्हणायची आणि खाऊचा पुडा भाजीवाल्या शेवंतीच्या हाती पाठवायची. शिकणाऱ्या पोराच्या पुस्तकांना वास नको, एवढंच तिचं म्हणणं होतं.

आणि पोरगा शिकला. मॅट्रिक झाला, इंटर सायन्स झाला आणि औषधशास्त्राच्या डिग्रीला गेला. औषधाची डिग्री असते हेच कोळीवाड्यात कुणाच्या गावी नव्हतं. उत्तमचे वडील, दत्तू, होडीवर सगळ्यांना सांगायचे की पोरगा डॉक्टर होतोय. काशीबाई त्यांना मध्येच तोडायची. डॉक्टर नुसता कागदावर लिहितो, औषध माझा पोरगा करणार, असं ती ठसक्यात सांगायची.

शेवटच्या वर्षी, डिसेंबरात, प्रॅक्टिकलला मुशीच्या तेलाचं इमल्शन आलं. मुशी म्हणजे आपल्या किनाऱ्याला मिळणारा लहान शार्क. तिच्या काळजाचं, म्हणजे यकृताचं, तेल तेव्हा अशक्त पोरांना पाजत. पण नुसतं तेल पोर थुंकून टाकतं, म्हणून डिंक आणि पाणी घालून घोटून ते दुधासारखं करायचं. घोटण्याआधी तेल हुंगून चांगलं आहे की नाही हे ठरवायचं, असा साठेसरांचा दंडक होता. चौघांच्या गटापुढे बाटली आली. रामदासने नाक मुरडून ती उत्तमकडे सरकवली. कोळ्याच्या पोराहून हे जास्त कुणाला कळणार, यावर तिघांचं चटकन एकमत झालं.

उत्तमने हुंगलं. आजोबांच्या होडीजवळ लहानपणी यायचा तोच वास. त्याला क्षणभर घर आठवलं, बरं वाटलं आणि तो म्हणाला की ठीक आहे, असाच असतो. मग डिंक घोटला गेला, खलात चटचट आवाज आला, इमल्शन कसं पांढरंशुभ्र जमलं. साठेसर आले, त्यांनी बूच काढलं आणि लगेच परत लावलं. तेल खवट होतं. सरांनी ते मुद्दामच ठेवलं होतं.

"तांडेल," सर म्हणाले, "हे तुम्ही कुणाच्या तरी बाळाला पाजलं असतं."

ते ओरडले असते तरी परवडलं असतं. बाकी तिघांना सरांनी समज देऊन सोडलं. उत्तमला मात्र जानेवारीअखेर पुन्हा परीक्षा द्यायला सांगितली. बिघडलेला माल ज्याला कळत नाही, त्याने औषधाच्या दुकानात उभं राहू नये, असं सरांचं मत होतं. यात नापास झाला तर त्याला शेवटच्या परीक्षेला बसू देणार नव्हते.

उत्तमने गिरगावातल्या दुकानातून तेल आणलं, माळ्यावर पडलेली जुनी बाटली शोधली आणि खिडकीत बसून हुंगत राहिला. राधामावशी नाकाला पदर लावून शेजाऱ्यांकडे जाऊन बसली. त्याला दोन्ही वास सारखेच वाटत होते. कॉलेजात ज्याला सगळे कोळी म्हणून विचारत होते, त्याने जन्मात कधी मुशी कापताना पाहिली नव्हती. हे कळलं तेव्हा तो मनातून पार खचला. शेवटी एका संध्याकाळी उठला आणि वरळीला गेला.

काशीबाईने सगळं ऐकून घेतलं आणि साफ नाही म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते.

"तुला टोपलीपासून लांब ठेवाया मी तुजी आई असून दारात बसली," ती म्हणाली. "आता मीच तुजा हात मासळीत घालू? नाय व्हायचं."

ती हट्टालाच पेटली होती आणि उत्तम सकाळच्या बसने परत गेलाही असता. पण त्याच रात्री रेडिओवर बातमी आली की मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही, आणि सकाळी बस नव्हती, ट्राम नव्हती, दुकान उघडं नव्हतं. कोळीवाड्यातल्या बायका पदर खोचून नाक्यावर घोषणा द्यायला गेल्या, त्यांत काशीबाई पुढे होती. बाजार बंद तर बंद, मुंबई आमची हाय, असं म्हणत ती घसा बसवून परत आली. मग कर्फ्यू लागला, लालबाग-गिरगावातून गोळीबाराच्या बातम्या येऊ लागल्या आणि घराबाहेर पडायची सोय उरली नाही. घरात होता शिकलेला मुलगा, आणि ओटीवर कुणी न घेतलेली मासळी. तिच्यात दोन मुशी होत्या.

मासळी थांबत नाही. काशीबाईने बराच वेळ टोपलीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि कोयता घेतला.

काळीज तिने मंद आचेवर ठेवलं आणि सुटलेलं तेल गाळून घेतलं. थोडं सावलीत झाकून ठेवलं, थोडं बशीत घालून उन्हात. दत्तूंनी होडीला फासायचं जुनं तेल आणून दिलं. मग काशीबाई रोज मुलाच्या डोळ्यांवर आपला पदर बांधायची आणि एकेक वाटी नाकाशी धरायची. चुकला की टाळक्यात टपली बसायची. औषधशास्त्राच्या डिग्रीतला एवढा भाग तरी कोळीवाड्याच्या ओटीवर टपल्या खाऊन झाला. पहिले दोन दिवस उत्तम होडीच्या तेलालाच चांगलं म्हणत राहिला, तेव्हा कुठे काशीबाईच्या ध्यानात आलं.

"तुजा आजा हेच फासायचा, म्हनून तुला तोच वास खरा वाटतो," ती म्हणाली. "लाकडाला चालतो, पोराला नाय. नाकानं नको, घशानं ओळख. घसा खवखवला की फेकून दे."

उत्तमने घशाकडे लक्ष दिलं. ताज्या तेलाचा वास नुसता समुद्राचा होता, येऊन जायचा. खवट तेल मात्र घशात जाऊन बसायचं आणि हलायचं नाव घ्यायचं नाही. एकदा ते कळलं आणि मग उन्हातली बशी कुठल्या दिवसापासून बिघडत गेली तेही कळायला लागलं. इतकी वर्षं आपल्याला जे येत नव्हतं ते आईच्या पदराआड होतं, आणि ते मागायला आपण परीक्षेत पडल्यावर आलो, याचं त्याला वाईट वाटलं. त्याहून जास्त वाटला तो आनंद. चौथीनंतर पहिल्यांदाच तो आईजवळ इतके दिवस राहिला होता.

कॉलेजं उघडल्यावर साठेसरांनी त्याच्यापुढे तीन बाटल्या ठेवल्या. उत्तमने डोळे मिटले, सावकाश हुंगलं आणि मधली बाजूला केली.

"हे होडीला लावायचं, सर. पोटात द्यायचं नाही."

सरांनी बूच काढून पाहिलं. हे कुठे शिकलात, असं त्यांनी विचारलं आणि उत्तमने आईचं नाव सांगितलं. सरांनी मान डोलावली आणि घोटायला खल पुढे केला.

तिथून तो सरळ दादरला गेला. बाजार उठत होता. काशीबाईने त्याला पाहिलं आणि सवयीने लांबूनच हात वर केला. उत्तम थांबला नाही. जड टोपली डोक्यावर चढवायला दुसरा माणूस लागतो. काशीबाई रोज शेवंतीला हाक मारायची. आज इस्त्रीच्या शर्टातल्या मुलाने वाकून एक बाजू धरली आणि टोपली तिच्या डोक्यावर ठेवली. मासळीचं पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. पास झालो, तो म्हणाला.

काशीबाईने टोपली सावरत त्याच्या ओल्या बाहीकडे पाहिलं. मग म्हणाली, "नळावर हात धुऊन जा."

उत्तम हो म्हणाला आणि तसाच गिरगावच्या ट्राममध्ये चढला. शेजारचे गृहस्थ जरा सरकले, मग उठून दुसरीकडेच बसले. उत्तम खिडकीशी ऐसपैस बसून घरी गेला.