साठाव्या पानावरची टिकली

या हिवाळ्यात माझी चांगलीच चंगळ झाली. जळगावला नाट्यस्पर्धेतली दोन नाटकं पाहिली, एक सिनेमा पाहिला, आणि वाचनालयातून आणलेली एक जाडजूड कादंबरी गच्चीवर उन्हात पाय सोडून वाचली. सगळं मनापासून आवडलं. एका नाटकात कारखान्यातून ड्यूटी संपवून थेट आलेला एक हौशी नट म्हाताऱ्या पोस्टमनचं काम करत होता. तो नुसता जिना चढला तरी मी मनातल्या मनात त्याच्याबरोबर पायऱ्या मोजत होते.

पण शेवट विचाराल तर यातल्या एकाचाही मला सांगता येणार नाही. नाटक संपायला दहा मिनिटं उरली की मी उठते. सिनेमातूनही तशीच उठते. कादंबरीची शेवटची दहा-बारा पानं न वाचता परत करते. "तुझी काय एस.टी. चुकते का गं?" असं आमच्या घरातून विचारून झालंय. मुलगी तर आता माझ्याबरोबर यायलाच तयार नसते. अंधारात अर्ध्या रांगेचे गुडघे ओलांडत बाहेर पडायची तिला लाज वाटते. वाटू दे.

खरं कारण मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. शेवट जवळ आला की माझ्या डाव्या कानाशी कुणीतरी विचारतं, "मंग काय व्हयनं?" मग काय झालं? अगदी स्पष्ट, तपकिरीच्या वासासकट. मग मला तिथे बसवत नाही.

आवाज माझ्या मोठ्या नणंदेचा, तपकीरही त्यांचीच. सगळं घर त्यांना अक्का म्हणायचं. अमळनेरकडे दिलेल्या होत्या, नवरा लवकर गेला, तेव्हापासून धुळ्याला आमच्याकडेच. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा मनातून टरकले होते, ही बाई आपल्याला काय काय ऐकवणार म्हणून. तर पहिल्याच आठवड्यात अक्कांनी विचारलं, "तू वाचस का वं काही?" संपलं. तिथून आमचं गूळपीठ.

सासरे अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे दोघींना एकदम बाहेर पडता यायचं नाही. मॅटिनीला एक जायची, दुसरी घरी. जाऊन आलेलीने घरी राहिलेलीला स्वयंपाक करता करता सगळी गोष्ट सांगायची, हा आमचा रिवाज. ऐकणारी मध्ये मध्ये "मंग काय व्हयनं?" म्हणणार. एकदा एक खुनाचा सिनेमा पाहून अक्का आल्या आणि मी भाकरी थापत असताना खुनी कोण ते सरळ सांगून मोकळ्या झाल्या. उद्या मी जाणार होते! मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, ताट नुसतं आदळत होते. शेवटी अक्कांनीच देवापुढे नियम केला, शेवट कुणी कुणाला सांगायचा नाही. त्यानंतर आम्ही दोघींनी तो कधी मोडला नाही.

वाचनालयाचं कार्ड आमच्यात एकच होतं, अक्कांचं, माझ्या लग्नाच्याही आधीपासूनचं. पुस्तकं आणायचं काम माझं. वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून आपली एक खूण करून ठेवायची, हे तिथल्या सगळ्याच बायकांचं चालायचं. कुणी आकड्याला गोल करायची, कुणी पानाचा कोपरा किंचित दुमडायची. अक्का पान साठवरच्या शून्यात पेन्सिलीने एक टिंब द्यायच्या. "शून्याले टिकली लाई दिधी," म्हणून हसायच्या. स्वतःच्या कपाळावर नवरा गेल्यापासून त्यांनी कधी लावली नाही. मला निघताना बजावायच्या, "साठावं पान पाह्य. टिकली व्हई तं आनू नको."

मग त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, स्वतः वाचणं तर केव्हाच बंद झालेलं. मी म्हटलं, मी वाचून दाखवते. वाचनालयातल्या नानांनी एक कादंबरी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवली होती, नुकतीच नवी बांधणी होऊन आलेली. वाचनालय बंद व्हायला आलेलं, दवाखान्यात भेटायची वेळ गाठायची होती, मी ती पिशवीत टाकली आणि निघाले. साठावं पान काही पाहिलं नाही.

रोज दुपारी तास-दीड तास वाचायचे. एक मास्तर घरातून निघून जातो, त्याची बायको रोज त्याचं पान वाढून ठेवते, अशी गोष्ट. अक्का डोळे मिटून ऐकायच्या. गंमत म्हणजे विनोद येण्याच्या आधीच त्यांना हसू फुटायचं. एकदा मी ओठ उघडायच्या आत म्हणाल्या, "आते ती चहा टाकी." आणि पुढच्याच ओळीत बाईने चहा टाकला की! "अक्का, तुम्ही तर लेखकाच्याही पुढे," मी म्हटलं. मला केवढं कौतुक वाटलं. माझ्या वाचण्यात किती जीव आहे बघा, असंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

दोन प्रकरणं उरली होती. मला कुठला दम निघतोय, मी रात्रीच घरी शेवटपर्यंत वाचून टाकलं होतं. त्या दुपारी नर्सबाईंनी वेळ संपल्याचं सांगितलं आणि मी खूण घालून पुस्तक मिटलं. अक्कांनी माझा हात धरला.

"आज सांगी टाक ना वं, शेवट."

"नियम तुमचाच ना अक्का? उद्या वाचू. बऱ्या व्हा आधी."

"आज सांग."

"उद्या म्हटलं ना!"

मी हात सोडवून घेतला. घरी सासऱ्यांच्या औषधाची वेळ झाली होती. अक्का हसल्या, "बरं माय," म्हणाल्या. पहाटे त्या गेल्या.

पुस्तक मी दुसऱ्या कुणाच्या हाती परत पाठवलं. पुढच्या वर्षी आमची बदली जळगावला झाली. अक्का गेल्या तेव्हापासून तो आवाज. मरणाऱ्या बाईने एवढंसं मागितलं होतं आणि मी नियमावर बोट ठेवलं. सात वर्षं मी स्वतःला हेच ऐकवत आले की अक्का शेवटाविना गेल्या.

गेल्या महिन्यात एका लग्नाला धुळ्याला गेले होते. जेवणाच्या पंगती लांबल्या, पाय वाचनालयाकडे वळले. नाना अजून तिथेच, आता कान गेलेत. ओरडून पुस्तकाचं नाव सांगितलं. त्यांनी काढून दिलं. हात सवयीने साठाव्या पानावर गेला.

शून्यात टिकली होती.

आधी काही कळेचना. वाचून दाखवताना पानांच्या आकड्यांकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. दवाखान्यात अक्कांच्या हाती पेन्सिल कुठली? मग मागे चिकटवलेली तारखांची चिठ्ठी पाहिली. बांधणीवाल्याने जुनीच पुन्हा लावली होती. वरून तिसऱ्या ओळीत आमच्या कार्डाचा नंबर, आणि पुढे माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधीची तारीख.

मी ती तारीख पुन्हा वाचली. अक्कांनी हे पुस्तक वाचलेलं होतं. मी पहिलं पान वाचलं तेव्हाच त्यांनी ओळखलं असणार. धावतपळत आणलेलं पुस्तक, एवढ्या हौसेने वाचणारी मी, म्हणून गप्प राहिल्या असतील. शेवट त्यांना पाठ होता. तो त्यांना माझ्या तोंडून ऐकायचा होता, चुलीजवळ गोष्ट ऐकायच्या तसा. मी अजून थोडा वेळ बसावं, एवढंच मागत होत्या. आणि मी हात सोडवून घेतला.

"नेता का?" नानांनी विचारलं. मी नकाराची मान हलवली आणि पुस्तक त्यांच्या हातात परत दिलं.

परतीच्या एस.टी.त खिडकीजवळची जागा मिळाली. गाडी सुटली तशी मी हळू आवाजात सुरुवात केली. मास्तर कसा परत येतो, दारात चप्पल काढताना त्याचे पाय कसे दिसतात, बायको एक शब्द न विचारता भाताचं भांडं कसं उतरवते. काही गाळलं नाही. शेजारच्या बाईने दोनदा माझ्याकडे पाहिलं आणि जरा सरकून बसली. पारोळा आलं तेव्हा मी शेवटाच्या अलीकडे येऊन थांबले. आमची तशी सवयच होती, तिथे थांबायचं आणि "मंग काय व्हयनं?"ची वाट बघायची.

डाव्या कानाशी कुणीच काही विचारलं नाही.

मी कंडक्टर पुढे जाईपर्यंत वाट पाहिली. म्हटलं, "अक्का, विचारा ना."

मग मीच पुढे सांगून टाकलं.