भाजक्या मातीची अक्षरं

शाळेच्या बक्षीस समारंभाच्या पत्रिका छापायला टाकायच्या म्हणून मी पुण्याला गेले होते. पेठेतला एक लहानसा छापखाना. खाली ट्रेडल मशीन धडधडतंय, वर लाकडी माडीवर चार कंपोझिटर खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवत उभे. आवाज एवढा, की शेजारी उभ्या माणसाचंही ऐकू येईना. एकाने दुसऱ्याला बोटाने खूण केली, दुसऱ्याने मान हलवून चिमटा पुढे केला. तिसऱ्याने अंगठा ओठाला लावला आणि सगळे हसले. चहा सांगायचा होता. कुणी एक शब्द तोंडातून काढला नाही. मी बघत राहिले आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. अगं बाई, इथे तर सगळेच बहिरे!

हे मला का सुचलं ते सांगते. मी तेव्हा मुळशीच्या हायस्कुलात मराठी शिकवायची. हायस्कूल कसलं, पत्र्याच्या दोन खोल्या आणि समोर धरणाचं पाणी. माझ्या अकरावीच्या वर्गात एक मुलगा होता. चौथीत असताना त्याच्या डोक्यात ताप गेला आणि कान गेले ते गेलेच. बोलायचा नीट. समोरच्याचे ओठ बघून सगळं समजून घ्यायचा. मी फळ्याकडे तोंड करून शिकवायला लागले, की मागून ओरडायचा, "बाई, तुमच्या पाठीला व्हट न्हाईत!" वर्ग खो खो हसायचा आणि मी निमूटपणे वळायची. वाचनाचं तर त्याला वेड. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा सोडायचा नाही, आणि त्यात छापणाऱ्याची चूक सापडली की त्याला कोण आनंद!

मॅट्रिकनंतर कोण काय करणार, ही चर्चा दिवाळीपासूनच वर्गात सुरू व्हायची. एक पोलिसात जाणार होता, एक धरणावर चिकटणार होता, दोघीजणी मास्तरणी होणार होत्या. याचं मात्र केव्हाच ठरलं होतं. ताम्हिणीला मामाच्या वीस म्हशी होत्या, त्या राखायच्या. मॅट्रिक झालेला गुराखी! ऐकलं की माझं डोकं फिरायचं. तो मात्र थट्टेवारी न्यायचा. म्हणायचा, "म्हशींस्नी ऐकू येतं बाई, मला न्हाई. त्याच मला राखतील." बोलायचा हसत, पण तेव्हा बघायचा दुसरीकडे.

तर छापखान्यात हा विचार डोक्यात आला आणि माझ्या तोंडात तीळ भिजेना. मी तडक फोरमनपुढे उभी राहिले. जाडा माणूस, चष्मा कपाळावर ढकललेला. त्याच्या कानाशी ओरडून विचारलं, "न ऐकणारा मुलगा चालेल का तुम्हाला? यंदा मॅट्रिकला आहे." तो म्हणाला, "आम्हाला कान नकोत बाई, डोळे हवेत. पण खिळ्यावर अक्षर उलटं असतं. त्याची सवय करवून आणा परीक्षा झाल्यावर, एक ओळ जुळवून घेतो." पुढे तो आणखी काहीतरी समजावून सांगत होता. पण कोण ऐकतंय! मला मुळशीची एसटी गाठायची होती, आणि खरं सांगायचं तर मला उडत जावंसं वाटत होतं.

वर्गात सांगितलं तेव्हा त्याने माझे ओठ दोनदा वाचले. मग म्हणाला, "पुन्यात? मी?" आणि बाकावरच चढून उभा राहिला. मी रागवायला हवं होतं, पण मीही हसतच होते.

त्याच्या वडलांना पटवणं मात्र सोपं नव्हतं. भाताची खाचरं कसणारा अबोल माणूस; पोरगं त्यांना दादा म्हणायचं. पोरावर जीव होता, म्हणूनच तर भीती. अंगणात उभं राहून म्हणाले, "पुन्यात मोटारी मागनं येत्यात, बाई. ह्याला ऐकू न्हाई. काय झालं तर तुमी देनार हाय का आनून?"

"आणि ताम्हिणीच्या घाटात मोटारी काय आधी नमस्कार करून येतात?"

"घाटात म्हशी असत्यात संगं. म्हशीनं कान टवकारलं की ह्याला कळतं."

मी मुद्दाच बदलला. राहायला माझ्या आईकडे मधली खोली रिकामी आहे, छापखाना तिथून हाकेच्या अंतरावर आहे, जेवण आई घालील, सगळं सांगितलं. बराच वेळ त्यांनी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. शेवटी म्हणाले, "एकडाव नेऊ. मी बी येनार. न्हाई म्हनले तर गुमान मामाकडं. मग तुमी परत ह्यो इषय काढायचा न्हाई." मी कबूल केलं. एक ओळ, एक संधी.

आता तयारी! उलटी अक्षरं आणायची कुठून? आणि तेव्हा माझ्या वर्गाने जे केलं, ते आठवलं की आजही मला गहिवरून येतं. खाचरातली चिकणमाती पोरांनी घमेल्यांनी आणली. मळली, तिच्या बोटाएवढ्या कांड्या केल्या आणि टोकावर बाभळीच्या काट्याने उलटी अक्षरं कोरली. नुकतीच भातं झोडून झाली होती, तुसाला तोटा नव्हता. शाळेमागे तुसाचा ढीग रचून त्यात अक्षरं भाजायला घातली. तूस जळत नाही, धुमसतं. मुख्याध्यापक खोकत बाहेर आले आणि "काय स्मशान मांडलंय का इथे!" म्हणून गरजले. मी म्हटलं, "सर, मुळाक्षरं भाजतोय." ते नाकाला रुमाल लावून आत गेले.

निम्मी अक्षरं तडकली. वेलांट्या तर पापडासारख्या मोडायच्या. पोरी पुन्हा करायच्या. मग प्रश्न आला, अक्षरं लावायची कशी? कुणीतरी शाळेचा रबरी शिक्का आणला. तो हातात धरून सगळ्यांनी निरखला. अक्षरं उलटी, आणि नाव उजवीकडून डावीकडे! झालं, कोडं सुटलं. शिक्का तसा छापखाना. आम्ही त्याला उजवीकडून डावीकडे जुळवायला बसवला. मधल्या सुट्टीत मुलं त्याला घड्याळ लावून शब्द घालायची, धरणाच्या ओल्या वाळूवर ओळ दाबून बघायची. वाळूत उमटलेलं सुलट वाक्य बघून एकच आरडाओरडा व्हायचा. परीक्षा तोंडावर आलेली, पण अभ्यास कमी आणि हाच उद्योग जास्त. मार्चपर्यंत पोरगं इतकं तयार झालं, की उलटं वाचता वाचता त्याला सुलट वाचायला अंमळ वेळ लागायचा.

परीक्षा संपली आणि आम्ही तिघं निघालो. वडलांनी धुवट पटका बांधला होता. एसटीत त्यांनी पोराला खिडकीशी बसवलं आणि स्वतः अख्खा रस्ता त्याच्या दंडाला धरून बसले. मी मात्र जागेवर ठरत नव्हते. कंडक्टर म्हणाला, "बाई, लगीन हाय का कुनाचं?"

माडीवर गेलो. फोरमनने पोराला खिळ्यांच्या पेटीपुढे उभं केलं, कुठल्या खणात काय ते बोटाने दाखवलं. हातात लोखंडी स्टिक दिली, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, आणि एका जाहिरातीतली ओळ समोर ठेवली. पोराने श्वास घेतला, पहिला खिळा उचलला आणि ऐटीत स्टिकच्या उजव्या टोकाला लावला.

"अहो, हे काय!" फोरमन ओरडला. "ही काय उर्दू शाळा आहे?"

कंपोझिटर हातातलं काम टाकून भोवती जमले. मग मला कळलं ते असं. खिळा अक्षराचं डोकं खाली, पाय वर असा धरायचा, आणि ओळ आपली नेहमीसारखी डावीकडून उजवीकडे लावायची. एवढंच तो मला त्या दिवशी सांगत होता. पण मी ऐकून घेणाऱ्यातली थोडीच! म्हटलं, "आधी पुरी करू दे. मग छाप काढा, आणि मग बोला!"

पोराने ओळ पुरी केली. फोरमनने तिच्यावर शाईचा रूळ फिरवला, कागद ठेवून दाबला, उचलला. ओळ बरोबर होती! एकही अक्षर चुकलं नव्हतं. आजही म्हणते, आमची ओळ बरोबरच होती. कंपोझिटरांनी माना डोलावल्या. मी जिंकल्यासारखं फोरमनकडे बघितलं.

त्याने चष्मा पुसला. "ओळ बरोबर आहे बाई. पण काम असं होत नाही. याची अर्धी स्टिक उद्या दुसऱ्याने घेतली तर? एकजण इकडून, एकजण तिकडून? हाताला लागलेलं वळण जात नाही. मला वेळ नाही हो मोडून शिकवायला."

वडील शांतपणे उठले. त्यांच्या तोंडावर दुःख नव्हतं, सुटका होती; आणि त्याचाच मला सर्वांत जास्त राग आला. "चल रं," त्यांनी पोराला मागून हाक मारली. पण त्याला ती ऐकू येणार कशी? तो आमच्याकडे पाठ करून उभा होता आणि शेजारच्या कंपोझिटरच्या हातांकडे टक लावून बघत होता. त्याला ऐकू येत नाही याचा आयुष्यात पहिल्यांदा मला आनंद झाला.

त्याने स्टिकमधले खिळे काढले, एकेक करून ज्याच्या त्याच्या खणात टाकले. एक खिळा बोटात घेतला, उलटा फिरवला, पाहिला. आणि स्टिकच्या डाव्या टोकाला लावला. वडील पुढे होऊ लागले, तर फोरमनने हात आडवा घातला. खण शोधायला पोराला वेळ लागत होता. मध्येच कपाळ पुसायचा, चुकलेला खिळा काढायचा. जाहिरातीच्या कागदाकडे तो बघतच नव्हता. खाली मशीन धडधडत होतं. मी देवाला काय काय बोलले असेन, सांगण्यासारखं नाही.

फोरमनने छाप काढला, वाचला आणि कपाळावर हात मारला. "अरे, मी अजून हो तरी म्हटलंय का?" पण तो हसत होता. कागद त्याने माझ्या हातात दिला. म्हणाला, "सोमवारी पाठवा."

"काय ल्हिवलंय?" वडलांनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन वाचलं, "दादा, तुमी घरी जावा. मी हितं ऱ्हातो."

"परत वाचा."

मी परत वाचलं. मग ते पोराला वळसा घालून त्याच्या समोर गेले, त्याच्या हनुवटीला हात लावून तोंड आपल्याकडे केलं आणि सावकाश काहीतरी बोलले. त्या धडधडाटात मला शब्द ऐकू आला नाही. पण मीही इतकी वर्षं त्या पोराला शिकवलं होतं, थोडे ओठ मला वाचता येत होते.

"जातू," ते म्हणाले. "येळंवर जेव."