गहू बंद झाला तेव्हा

माझ्या माहेरी भाकरी होत नसे. खडकीला दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आम्ही राहायचो. दोन खोल्या आणि मागे जेमतेम अंगण. वडील कारखान्यात कामगार होते. आई नगरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन आलेली. तिच्या लहानपणी गव्हाची चपाती पाहुणा आला तरच व्हायची, आणि तीसुद्धा पाहुण्यापुरती. पोरांनी नुसता वास घ्यायचा. क्वार्टर मिळाल्यावर तिनं पहिल्यांदा पोतंभर गहू घेतला आणि तो अंगणात, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसेल असा, निवडत बसली. भाकरीची परात तिनं माळ्यावर टाकली ती टाकलीच. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांचे डबे शेजारी शेजारी उघडत. डब्यात काय आहे यावरून माणूस कुठून आलाय हे लोक ताडत. आईला ते कुणाला ताडू द्यायचं नव्हतं.

म्हणून मी चाळिशीला आले तरी मला भाकरी थापता येत नव्हती, आणि येत नाही याचा आईला अभिमान होता.

मी सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून लागले, खात्याच्या परीक्षा देत वर गेले, लग्न झालं, आम्ही वाघोलीला फ्लॅट घेतला, मुलगी झाली. या सगळ्यात मी कायम दमलेली असे. आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या मधल्या वळणावर मी थांबायचे आणि मोबाइलमध्ये काहीतरी बघतेय असं दाखवायचे. तोंड सारखं यायचं. केस इतके गळायचे की नवरा न बोलता न्हाणीघराची जाळी साफ करायचा. संध्याकाळपर्यंत पोट असं फुगायचं की परकराची नाडी सैल करावी लागे. हिमोग्लोबिन दर वेळी सात-आठच्या आसपास. एका डॉक्टरांनी ॲसिडिटी सांगितली, दुसऱ्यांनी टेन्शन, तिसरे म्हणाले, "बायकांचं असतंच हो असं." मी लोहाच्या गोळ्या घेत राहिले.

शेवटी एका मैत्रिणीनं सुचवलेल्या डॉक्टरांकडे गेले. पन्नाशीच्या बाई, चष्मा नाकाच्या टोकावर. माझी जाडजूड फाइल त्यांनी शेवटपासून पहिल्या पानापर्यंत चाळली.

"सात वर्षं लोह खाताय आपण," त्या म्हणाल्या. "ते जातं कुठं, असा प्रश्न कुणालाच पडला नाही?"

त्यांनी एक रक्ततपासणी सांगितली. ती वाईट आली. मग तोंडावाटे नळी घालून आतड्याचे बारीकसे तुकडे तपासायला घेतले. रिपोर्ट आला त्या दिवशी मी एकटीच गेले होते. सिलिॲक, त्या म्हणाल्या. मी तो शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्यांनी समजावून सांगितलं की लहान आतड्याला आतून टॉवेलसारखी बारीक लव असते, अन्नातलं सत्त्व ती टिपून घेते. माझी लव झिजून सपाट झाली होती. गव्हात, जवात ग्लुटेन नावाचं एक प्रथिन असतं, ते माझ्या शरीराला शत्रू वाटतं, आणि त्याच्याशी भांडता भांडता शरीर स्वतःचंच आतडं खरवडून काढतं.

"तेव्हा गहू बंद."

"किती दिवस?"

"किती दिवस जगायचं म्हणताय?"

माझा चेहरा बघून त्यांनी चष्मा काढला आणि पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. "याला औषध नाही. पण तुम्हाला औषध लागणारही नाही. जेवण सांभाळलंत की आतडं आपलं आपण भरून येतं. जरा वेळ लागेल, एवढंच."

मग त्यांनी यादी सांगायला घेतली. चपाती, ब्रेड, बिस्किटं, रवा, मैदा, शेवया. मी मान हलवत होते, पण खरं सांगायचं तर मला एकच गोष्ट दिसत होती. चहात बुडवलेली खारी.

नवऱ्यानं फारसा बाऊ केला नाही. "भात आहे की," म्हणाला आणि त्या रात्री स्वतःही भातच जेवला. आईला सांगायचं राहिलं होतं. वडील गेल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हापासून ती खडकीतच एका छोट्या घरात एकटी राहायची. रविवारी तिच्याकडे गेले.

"मग खाणार काय तू?" तिनं विचारलं.

"भात. ज्वारी, बाजरी, नाचणी चालते."

"म्हणजे भाकरी."

"हो."

ती उठली आणि मांडणीवरची नीट लावलेली भांडी पुन्हा लावायला लागली. चिडली की तिच्या बोलण्यात गाव येतं. "चपाती खाऊन कुणी आजारी पडतं व्हय? आम्ही ती मिळंना म्हणून आजारी पडायचो. सायबाच्या हापिसात बसतीस तू. तिथं भाकरी काढून बसणार हायेस?"

"आई, आता लोक हॉटेलात जाऊन भाकरी मागवतात."

"मागवू दे त्यांना," ती माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली. "त्यांनी ती नाइलाजानं खाल्लेली न्हाई."

मी चहा न घेताच निघाले, आणि पुढं तीन आठवडे आमचं फोनवर "जेवलीस का"च्या पलीकडं बोलणं झालं नाही.

ते तीन आठवडे वाईट गेले. माझ्या भाकरीचे तव्यावर टाकतानाच तुकडे पडत. मुलगी कौतुकानं म्हणायची, "आई, आज महाराष्ट्र झालाय, काल गुजरात झाला होता." भात खाऊन दुपारी तीनला डोळे मिटायचे. त्यातच ऑफिसमध्ये एका सहकाऱ्याचा निरोपसमारंभ होता. कँटोन्मेंटातल्या जुन्या बेकरीतून खारी आणली होती. मी नको म्हटलं. "अहो मॅडम, एका तुकड्यानं काय होतंय? एवढं कडक राहायला आपण काय लष्करात आहात?" सगळे हसले. मीही हसले आणि खाल्ली. एक नाही, दोन. लोकांनी आग्रह केला म्हणून खाल्ली असं मी पुढं बरेच दिवस सांगत होते, पण ते अर्धंच खरं. मला ती हवीच होती.

दुसरा दिवस न्हाणीघर आणि पलंग यांच्यात गेला. नवऱ्यानं मला न विचारता आईला फोन केला.

ती दुपारी आली. दोन बस बदलून, एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं. गाठोड्यात पितळेची परात होती, माळ्यावरची. घासून लख्ख केलेली, तरी कडेला काळं राहिलेलंच.

"हिला गव्हाचं पीठ कधी लागलेलं नाही," ती म्हणाली. "तुझ्या घरातल्या सगळ्या भांड्यांना लागलंय."

डॉक्टरबाईंनी मला वेगळी भांडी ठेवायला सांगितली होती. आईला ते कुणी सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच सुचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला ओट्यापाशी उभं केलं. पाणी उकळून पिठात घातलं. "मळ. अगं, मळ म्हणजे मळ. मांजराच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं काय करतीस?" मी मळत राहिले. मनगटं भरून आली. मग तिनं गोळा घेतला आणि परातीत थापायला लागली. इतक्या वर्षांत एकदाही थापलेली नव्हती, पण हात विसरले नव्हते. भाकरी तिच्या तळव्याखाली गोल फिरत मोठी होत गेली. तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, आचेवर धरली, टम्म फुगली. माझ्या मुलीनं टाळ्या वाजवल्या. आई हसली नाही. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "गरम आहे तोवर खा."

ती आठ दिवसांसाठी आली होती, ती राहिलीच.

तरीही मी पूर्ण बरी होईना. तोंड पुन्हा आलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, पीठ कुठून दळता? कोपऱ्यावरच्या गिरणीतून, मी म्हटलं. "म्हणजे गव्हाच्या पाठोपाठ तुमची ज्वारी. त्यात गव्हाचं किती उतरलं, हे गिरणीवाल्याला विचारलंत का?" नवऱ्यानं त्याच आठवड्यात घरघंटी आणली आणि आईनं तिच्यावर फर्मान काढलं की या यंत्रात गहू घालणाऱ्याला घरात जागा नाही.

पंधरा दिवस ठीक गेले आणि पुन्हा पोट फुगलं. आता मात्र आम्ही तिघी स्वयंपाकघरात एकेक डबा, एकेक पुडी काढून वाचत बसलो. आईला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मुलगी मोठ्यानं वाचत होती. मसाले झाले, पापड झाले. मग तिनं हिंगाची डबी घेतली.

"आजी, यात गव्हाचं पीठ आहे."

"हिंगात कुठलं गं पीठ?"

"लिहिलंय इथं."

मीही वाचलं. खरंच होतं. खडा हिंग कुटून त्यात पीठ मिसळलं की त्याची पूड होते, हे आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं. आणि माझं पोट दुखतंय म्हणून आई रोज वरणात चिमूटभर हिंग जास्त घालत होती. वायूला चांगला म्हणून. तिनं ती डबी हातात घेतली आणि ती परत घ्यायला मला जरा जोर लावावा लागला.

सहा महिन्यांनी माझं हिमोग्लोबिन अकरावर गेलं. डॉक्टरबाई खूश झाल्या, म्हणजे त्यांच्या पद्धतीनं. "बरं आहे," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या की हा आजार रक्ताच्या नात्यात असू शकतो, आईची आणि मुलीची तपासणी करून घ्या. मी दोघींना घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी आईला विचारलं, घरात आणखी कुणाला पोटाचा त्रास होता का?

"ह्यांना होता," आई म्हणाली. "हिच्या वडिलांना. पहिल्यापासून पोट नाजूक. जुलाब व्हायचे, काही अंगी लागायचं नाही. रक्त कमी म्हणायचे. कारखान्याच्या दवाखान्यातून औषध आणायचे. गावाला गेलं की बरे व्हायचे. महिनाभर राहिलं तर गालावर मांस यायचं. आम्ही म्हणायचो, गावचं पाणी मानवतंय."

"गावाला काय खायचे?"

आईचं आईला कळलं होतं. मला एका क्षणानंतर कळलं. गावाला तिच्या सासूच्या हातची भाकरी असायची. परत खडकीला आले की चपाती.

वडील मी कॉलेजात असताना गेले. शेवटी अगदी काटकी झाले होते.

"म्हणजे मीच..." आई म्हणाली.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी, त्यांना हाच आजार होता असं आता कुणी सांगू शकणार नाही. मीही नाही. आणि असला, तरी तेव्हा तुम्हाला तो कोण सांगणार होतं? तुमच्या मुलीला सांगायला आत्ता सात वर्षं लागली आम्हाला."

रिक्षात आई बाहेर बघत बसली होती. घरी आल्यावर जेवली नाही. सकाळी उठून पाहिलं तर परात पुढं घेऊन ओट्यापाशी नुसती उभी होती, पीठ कोरडंच. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"बाबांना चपाती आवडायची," मी म्हटलं.

"आवडायची," ती म्हणाली. "रोज डबा रिकामा आणायचे. म्हणायचे, तुझ्या चपात्या सगळे मागून खातात. मी आणखी दोन जास्त द्यायचे."

मग ती रडली. वडील गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी तिला धरून उभी राहिले आणि मधेच माझ्या लक्षात आलं की माझे पाय थरथरत नाहीयेत. पूर्वी मला इतका वेळ उभं राहता आलं नसतं. हे तिला सांगावं की नाही, कळेना. सांगितलं. तिनं पदरानं डोळे पुसले, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "पाणी उकळायला ठेव."

तिची आणि मुलीची तपासणी चांगली आली. मुलीची काही वर्षांनी पुन्हा करायची आहे. आईनं ते कॅलेंडरवर लिहून घ्यायला लावलं, तेव्हा मला सांगावं लागलं की इतक्या पुढच्या वर्षांची कॅलेंडरं अजून निघालेली नाहीत.

आता ऑफिसमध्ये मी भाकरीचा डबा उघडते. आजूबाजूच्या टेबलांवरून चतकोर मागणारे पुष्कळ झालेत. आईला हे सांगितलं तर ती "हं" म्हणते आणि दुसऱ्या दिवशी डब्यात एक भाकरी जास्त असते. लग्नाकार्यात मी घरून जेवून जाते. काही जण अजून म्हणतात, "कसला हा नवीन आजार, आमच्या वेळी नव्हता." पूर्वी मी समजावून सांगायचे. आता आई शेजारी असली तर तीच बोलते. "होता," म्हणते. "नाव माहीत नव्हतं."

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघी खडकवासल्याला गेलो होतो. धरणाच्या कडेनं मी बरीच चालले, मुलगीच मागं राहिली. एका गाडीवर कणसं भाजत होती. आई कणीसवाल्यापुढं जाऊन उभी राहिली.

"यात गव्हाचं काही नाही ना?"

त्यानं कणीस निखाऱ्यावरून उचललं, तिच्यासमोर धरलं आणि एकदा पूर्ण फिरवून दाखवलं. "आजी, कणीस आहे हे. यात कणीसच असतं."

"विचारलेलं बरं," आई म्हणाली, आणि तीन घेतली. तिला दातांनी चाववत नाही, म्हणून माझी मुलगी दाणे काढून तिच्या हातावर देत होती. मी माझं कणीस कठड्यावर बसून, पाण्याकडे बघत, सगळं संपवलं आणि आणखी एक मागितलं.