हौदातले मासे आणि माझी नोकरी

ज्या लॅबमध्ये बारा पुरुष आणि एक मुलगी असते, तिथे किस्से गोळा करावे लागत नाहीत. हौदातल्या शेवाळासारखे ते आपोआप वाढतात. काही मी खरवडून टाकले. हे मात्र निघत नाहीत.

पिंपरीच्या माळावर आमचा औषधांचा कारखाना उभा राहून दोनच वर्षं झाली आहेत. पावसाळा संपता संपता मी तिथे लागले. बीएस्सी, सहा महिने प्रोबेशन. मॅनेजरसाहेबांनी बोलावलं तेव्हा वाटलं, आता औषधं तपासायला देणार. त्यांनी खिडकीतून बागेतला हौद दाखवला. आत चाळीसेक लाल मासे.

"संक्रांतीनंतर मुंबईहून मंत्री येणार आहेत. तोवर एकही मासा मरता कामा नये. तुम्ही केमिस्ट ना? मग पाण्याचं बघा."

"आणि मेला तर?"

"तर कायम करण्याचा विषयच नको!"

माझ्या कामाचा शेरा लिहिणार होते अण्णा, लॅबचे मुख्य. पंचवीस वर्षं केमिस्ट. माझ्या प्रत्येक प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर, "मुली, दमानं घे."

*

बागेचे माळी तात्या रोज सकाळी नळाची रबरी नळी हौदात सोडून बिडी ओढत बसायचे. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर! वासानं माझंच नाक चुरचुरायचं, माशांच्या कल्ल्यांचं काय होत असेल? मी नळी ओढून काढली. चार पिंपं भरून उघडी ठेवली. दोन दिवसांनी वास उडाला की मगच थोडं थोडं पाणी हौदात.

तात्या पिंपांभोवती एक चक्कर मारून आले. "पानी काय लोणचं हाय व्हय, मुरत घालायला?"

*

डिसेंबरात मासे तळाशी जाऊन निपचित पडले. मी त्यांचं खाणं बंद केलं. थंडीत त्यांना पचत नाही, उरलेलं कुजतं आणि पाणी नासतं. एका सकाळी बॉयलरवाले गणपतराव वाफाळत्या पाण्याच्या दोन बादल्या घेऊन हजर!

"गारठलेत बिचारे. जरा शेक देतो."

मी कठड्यावर वाट अडवून उभी राहिले. "थंडीत ते असेच राहतात. ओतायचंच असेल तर आधी माझ्या पायावर ओता!"

गणपतराव बादल्या घेऊन मागे फिरले. जाताना तात्यांना म्हणाले, "हिच्या सासूचं काही खरं नाही!"

*

मंत्री सोमवारी येणार, म्हणून शनिवारी सगळा कारखाना रंगवायला काढला. झाडांच्या बुंध्यांनासुद्धा गेरू आणि चुना. संध्याकाळी बघते तर माझी पिंपं रिकामी.

"तात्या, पाणी कुठंय?"

"त्यात चुना कालवला की! वास न्हाई, काय न्हाई. लई झ्याक पानी व्हतं!"

"आणि कुंचले कुठे धुतले?"

तात्यांनी हौदाकडे बोट दाखवलं.

लाल लिटमस बुडवला. निळाशार! म्हणजे चुना पाण्यात उतरला होता. पाण्यात काही कुजलेलं असलं की अमोनिया सुटतो, आणि चुना मिसळला की तोच अमोनिया अधिक विषारी होतो. पण खाणं तर मी महिन्यापूर्वीच बंद केलं होतं. कुजायला आत आहेच काय? तेवढ्या धीरावर मी दापोडीला घरी गेले.

*

रविवारी पहिल्या बसनं आले. मासे वर आले होते, तोंडं उघडून हवा गिळत होते. एक उलटा तरंगत होता. आणि कठड्यावर अण्णा! हातात पितळी डबा. ओठ पुटपुटताहेत आणि कणकेच्या गोळ्या एकेक करून पाण्यात पडताहेत.

"अण्णा!"

"बघ, कसे आ वासून मागताहेत! तू उपाशी ठेवलंस. मी महिनाभर रोज पहाटे एकशे आठ गोळ्या घालतोय म्हणून जगलेत."

"मागत नाहीत, गुदमरताहेत! तळाशी तुमच्याच गोळ्या कुजताहेत. बंद करा ते!"

"हा माझ्या बायकोचा नवस आहे, मुली. मुलगा क्षयानं सॅनिटोरियममध्ये आहे आमचा."

पण दुसरा मासा कलंडायला लागला होता. मी हात पुढे केला. "लॅबची किल्ली द्या."

परीक्षानळीत हौदाचं पाणी घेतलं, अमोनिया तपासायच्या औषधाचे चार थेंब टाकले. पाणी पिवळं झालं, मग तपकिरी. नळी त्यांच्या हातात दिली. ही टेस्ट मला त्यांनीच शिकवली होती.

अण्णांनी नळी उजेडात धरली. मग डबा बंद केला आणि धोतर वर खोचलं. "तात्यांना हाक मार. कुंपणापलीकडच्या विहिरीचं पाणी आणू. त्यात ब्लीचिंग नाही. आणि एकदम नको, दमानं!"

आयुष्यात पहिल्यांदा मला ते पटलं.

तळातून कणकेचा पांढरा, घाणेरडा साका निघाला. दुपारपर्यंत आम्ही तिघं बादल्या वाहत होतो. मग एकेक मासा खाली जायला लागला. मेला तो एकच.

निघताना मी म्हटलं, "अण्णा, पवना नदी वाहती आहे. नवस तिथेही चालेल."

अण्णांनी डबा काखेत मारला.

*

मंत्री आले आणि गेले. हौदाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही!

हल्ली अण्णा लॅबमध्ये पाच मिनिटं उशिरा येतात. चपला ओल्या असतात. मी विचारत नाही.

मार्चमध्ये माझा प्रोबेशनचा फॉर्म आला. सगळा इंग्रजी, शेरा तेवढा अण्णांच्या हातचा, मराठीत:

"एक मासा मेला, त्यास मी जबाबदार. बाकी जिवंत. वडीलधाऱ्यांशी बोलण्याची रीत नाही. कायम करावे."